ड्रायव्हरचं एकुलतं एक पदक

मी एक जुनं पदक आहे. सोन्याचं नाही, चांदीचंही नाही. साध्या पांढऱ्या धातूचं, मोठ्या नाण्याएवढं. माझ्या एका बाजूला पानांची वेल आहे आणि दुसऱ्या बाजूला 'दीर्घ सेवेबद्दल' एवढे दोनच शब्द आहेत. माझी फीत एके काळी गर्द हिरवी होती. आता तिचा रंग भांडी पुसायच्या फडक्यासारखा झाला आहे.

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी मत्सरी आहे. पदक म्हटलं की ते गंभीर आणि मोठ्या मनाचं असणार, असं लोकांना वाटतं. मी तसा नाही. दुसऱ्याच्या छातीवर काही चकाकताना दिसलं की माझ्या पोटात दुखतं. पोट नाही तरी दुखतं, म्हणजे बघा.

माझा जन्म टांकसाळीत झाला. वरून लोखंडी ठसा आला, खालून लोखंडी ठसा आला, मधे मी. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. माझ्याबरोबर हजारो भावंडं जन्मली, सगळी एका तोंडवळ्याची. पण पुढच्या खोलीत एक कोरणारा बसला होता. त्यानं मला चिमट्यात धरलं आणि बारीक सुई फिरवून माझ्या काठावर एक नंबर, एक हुद्दा आणि एक नाव कोरलं. त्या दिवसापासून मी हजारातला एक राहिलो नाही. मी एकाचा झालो.

तो एक म्हणजे फौजेतला ट्रकचा ड्रायव्हर. बरीच वर्षं डाग न लागता नोकरी केली की माझ्यासारखं पदक मिळतं. मोठा समारंभ होईल, बँड वाजेल, कोणी साहेब मला त्याच्या छातीवर लावेल, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात डेपोच्या खिडकीतून एका कारकुनानं मला तपकिरी पाकिटात घालून बाहेर सरकवलं. त्याच दिवशी शेजारच्या खिडकीत लोकरी मोजे वाटत होते. मोज्यांची रांग माझ्या रांगेपेक्षा लांब होती. माझ्या ड्रायव्हरनं मला खिशात टाकलं आणि तो धावत जाऊन मोज्यांच्या रांगेत उभा राहिला. माझ्या आयुष्यातला पहिला मत्सर मोज्यांचा.

पण पुढे दिवस चांगले आले. तो नोकरीतून सुटला, गावात एका बेकरीची गाडी चालवू लागला. लाकडी जिना चढून गेलं की दोन खोल्या, तिथे त्याचा संसार. मी दाढीच्या साबणाच्या रिकाम्या डब्यात राहायचो, कोटाच्या जास्तीच्या बटणांबरोबर. वर्षातून एकदा माजी सैनिकांचा मेळावा असायचा. त्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको मला बाहेर काढायची, दंतमंजन आणि मऊ फडकं घेऊन घासायची आणि म्हणायची, "किती काळा पडतोय हा! मालकावर गेलाय." मग तो काळा कोट घालायचा आणि मला डाव्या छातीवर लावायचा. अगदी मधोमध. माझ्या आजूबाजूला मोकळं काळं कापड, आभाळात एकटा चंद्र असतो तसं. एकुलत्या मुलाला घरात जे वाटतं, ते मला त्या कोटावर वाटायचं.

मेळाव्यात मैदानाला एक फेरी मारायची असे. तिथला नियम साधा होता. डोंगरातल्या लढाईत जे आघाडीवर होते, ते पुढच्या रांगांत. बाकीचे मागे. कोण कुठे चालणार हे तोंडानं विचारत नसत, छातीवरच्या फितीच बघत. माझा ड्रायव्हर दर वर्षी मागे चालायचा. स्वयंपाकी, स्टोअरवाले, शिंपी आणि तो. मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. मागच्या रांगेत धूळ जास्त असते, पण तिथे बहुतेकांकडे माझ्यासारखं एखादंच पदक. तिथे मी कोणाच्या खाली नव्हतो.

मला त्रास होता तो त्याच्या मेहुण्याचा. बायकोचा हा भाऊ पायदळातला, छाती पुढे काढून चालणारा. त्याच्या छातीवर पाच पदकं. मेळाव्यानंतर तो हमखास घरी चहाला यायचा, कोट न उतरवता. खुर्चीत बसला की त्याची पाचही पदकं गाद्यांवर बसलेल्या पाहुण्यांसारखी ऐटीत दिसायची. मी त्यांच्याकडे बघायचो आणि जळायचो.

"दाजी," तो म्हणायचा, "तुमचं पदक एकटंच हो. करमत नसेल बिचाऱ्याला."

"करमतं," माझा ड्रायव्हर म्हणायचा.

"डेपोत काय, करमायलाच पाहिजे. छप्पर होतं, शेगडी होती. आम्ही तिकडे बर्फ खात होतो."

"चहा घे. बर्फ नाही त्यात."

सगळे हसायचे, मेहुणाही हसायचा आणि विषय संपायचा. पण मेहुणा गेला की माझा ड्रायव्हर कोट काढायच्या आधी एक गोष्ट करायचा. माझ्या शेजारच्या रिकाम्या कापडावरून अंगठा फिरवायचा. माझ्यावरून नाही, माझ्या शेजारून. जिथे काहीच नव्हतं तिथून.

मित्रांनो, जे समोर आहे त्याचा मत्सर करणं सोपं असतं. जे नाहीच आहे त्याचा कसा करायचा? मला ते वर्षानुवर्षं जमत गेलं. त्या रिकाम्या कापडात काय होतं हे मला माहीत नव्हतं, पण तो माझ्याकडे कधीच असं बघत नव्हता, एवढं मला दिसत होतं.

वर्षं गेली. बायको गेली. मला घासणारं कोणी उरलं नाही आणि मी खरंच काळा पडलो. बेकरीची गाडीही सुटली. मुलाचं लग्न झालं. मुलगा कारखान्यात पाळीवर जायचा आणि सून घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिचं मशीन खिडकीशी असायचं. बारीक चणीची, तोंडात टाचण्या धरून बोलणारी बाई. तोंडात टाचण्या असतानाही ती मेहुण्यापेक्षा स्पष्ट बोलायची.

माझा ड्रायव्हर आता म्हातारा झाला होता. घरात सगळे त्याला आबा म्हणायचे. त्याचे गुडघे गेले होते. डॉक्टरनं सांगितलं, "मैदानाची फेरी आणखी एखादं वर्ष माराल, फार तर दोन. मग मांडवातली खुर्ची." ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मैदानाच्या कडेला मांडव असायचा. तिथे रांगा नसतात. तिथे कोण आघाडीवर होता आणि कोण डेपोत, हे कोणी विचारत नाही आणि कोणी बघतही नाही.

त्या वर्षी त्याला धरून न्यायला सूनबाई मेळाव्याला आली. मागच्या रांगेत लंगडत चालणारा सासरा तिनं बघितला. घरी मेहुण्याचं बर्फाचं कीर्तन ऐकलं. मेहुणा गेल्यावर म्हाताऱ्याचा अंगठा रिकाम्या कापडावरून फिरला, तोही तिनं बघितला. इतक्या वर्षांत मी सोडून तो कोणी बघितला नव्हता.

"आबा," तिनं टाचण्या काढून विचारलं, "तुम्ही खरंच डेपोत होता का हो?"

तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. मग म्हणाला, "नव्हतो."

आणि मग जे मी त्याच्या छातीवर इतकी वर्षं बसून ऐकलं नव्हतं, ते त्या बाईनं एका प्रश्नात ऐकलं.

डोंगरातली लढाई पेटली तेव्हा डेपोच्या साहेबानं त्याला सांगितलं, तोफखान्याच्या एका तुकडीला गाडी कमी पडते आहे, दोन दिवस जाऊन ये. तो अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. दोन दिवसांचे दोन महिने झाले. वर तोफांचे गोळे न्यायचे, खाली जखमी आणायचे. रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. शेवटी गाडीचा पुढचा आस मोडला, गाडी वरच राहिली, आणि तो दुसऱ्याच्या गाडीत बसून परत आला. डेपोत कोणी काही विचारलं नाही. उसन्या दिलेल्या माणसाचं नाव डेपोच्या पटावर होतं तसंच राहिलं होतं. लढाई संपल्यावर आघाडीवरच्या लोकांना दोन पदकं मिळाली, एक लढाईचं आणि एक त्या डोंगराचं. डेपोला वाटलं, याचं नाव तोफखाना पाठवेल. तोफखान्याला वाटलं, डेपो पाठवेल.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," सूनबाई म्हणाली.

"तेच ते."

"मग बोलला का नाहीत? मामांना तरी सांगायचं. दर वर्षी येऊन बर्फ खातात ते."

"मागून घ्यायची गोष्ट आहे का ती?" तो म्हणाला. बूट बाजूला ठेवला. "एकदा पुढच्या रांगेत चालायचं होतं. पाय आहेत तोवर."

म्हणजे असं होतं तर. मी त्याच्या सगळ्या नोकरीची खूण. थंडी, ऊन, पंक्चर, डिझेलचा वास, रजा नाकारलेले सण, सगळं मिळून मी. आणि हा माणूस दोन महिन्यांसाठी झुरत होता! सवतीला बघून जळणारी बाई शहाणी म्हणायची, निदान सवत घरात आलेली असते. मी न आलेल्या सवतींवर जळत होतो.

सूनबाईनं अर्ज केला आणि दोघं रेकॉर्ड ऑफिसला गेले. कोट घातला होता, म्हणून मीही गेलो. हेडक्लार्कच्या टेबलापुढे एक खुर्ची होती. म्हाताऱ्यानं ती उचलून दाराकडे तोंड करून ठेवली आणि मग बसला. ही त्याची घरचीही सवय. जेवायला, चहाला, कुठेही बसायचं तर आधी खुर्ची दाराकडे फिरवायची.

"आजोबा, बोलायचं माझ्याशी आहे ना?" हेडक्लार्क म्हणाला.

"कान तुमच्याकडेच आहेत," म्हातारा म्हणाला.

हेडक्लार्क वाईट नव्हता. त्यानं फाईल दोनदा बघितली. "त्या काळात तुमची नोंद डेपोत आहे. मी माझ्या मनानं बदलू शकत नाही. तोफखान्यातून काही मिळालं तर आणा."

मला बरं वाटलं. परत जाताना मी कोटावर ऐसपैस बसलो.

पण सूनबाई तोफखान्याच्या छावणीतही गेली. आणि तिथे, मित्रांनो, माझ्या मत्सराला नवीनच घर मिळालं. छावणीच्या फाटकाशी एक चौथरा होता, त्याला पांढरा रंग दिलेला. चौथऱ्यावर एक जुना तीन टनी ट्रक उभा होता. टायर काळे चकचकीत रंगवलेले, काचा पुसलेल्या, भोवती फुलझाडांच्या कुंड्या. खाली पितळी पाटी: 'या गाडीने आघाडीवर दारूगोळा पोचवला.'

म्हातारा थांबला. सूनबाईचा हात सोडून लंगडत पुढे गेला आणि त्यानं ट्रकच्या दारावर तळवा टेकवला. बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटलं. "आस बदलला वाटतं," तो हळूच म्हणाला.

"ओ बाबा, हात लावू नका! रंग जातो," पहारेकरी ओरडला.

गाडीला चौथरा! गाडीला पितळी पाटी, कुंड्या आणि रंगरंगोटी! आणि ज्यानं मला असं कधी थोपटलं नाही, तो माणूस तिच्या दाराला हात लावून उभा. मला इतकी चीड आली की माझी पिन कापडात रुतली.

आतल्या सुभेदारानं जुनी नोंद बघितली. "गाडीची नोंद आहे. 'तीन टनी गाडी एक, ड्रायव्हरसह.' ड्रायव्हरचं नाव नाही."

"मग गाडी डोंगर आपली आपणच चढली?" सूनबाई म्हणाली. "आणि आता चौथऱ्यावर पण स्वतःच चढून बसली असेल."

सुभेदाराला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. "ताई, ड्रायव्हर होता हे मला कळतं. तो हाच, हे कोणी सांगायचं? त्या वेळचा एखादा गोलंदाज, म्हणजे तोफेवरचा माणूस, शपथेवर लिहून देईल तर काम होईल. नावानिशी." त्यानं हयात असलेल्या काही जुन्या गोलंदाजांचे पत्ते दिले.

सूनबाईनं सगळ्यांना लिहिलं. उत्तरं आली, पण सगळ्यांची एकच ओळ: या नावाचा ड्रायव्हर आमच्याकडे होता असं आठवत नाही. ती ओळ वाचून म्हाताऱ्यानं पत्रं परत पाकिटात घातली. गणवेशाची कापडं तशीच पडून राहिली. पुढचा मेळावा जवळ येत होता. तो घरातल्या घरात चालून गुडघा तपासायचा, कधी मशीनपर्यंत, कधी जिन्यापर्यंत. मेहुणा अधूनमधून यायचा आणि म्हणायचा, "दाजी, अर्ज कुठवर आला? डेपोतच अडकला की काय?" या वेळी कोणी हसायचं नाही.

मी मात्र खुशीत होतो. काळा असलो तरी एकटा होतो.

एक दिवस शिवता शिवता सूनबाई म्हणाली, "आबा, एक सांगा. इतके सगळे विसरले कसे? दोन महिने एकत्र जेवलात ना?"

"विसरले नसतील," म्हातारा म्हणाला. "त्यांना माझं नाव माहीतच नव्हतं."

मशीन थांबलं.

मग त्यानं सांगितलं. त्या तुकडीची एक रीत होती. बाहेरून उसना आलेला माणूस म्हणजे पाहुणा. पाहुण्याला पहिली वाटी, पाहुण्याला शेगडीजवळची जागा. पण पाहुण्याचं नाव विचारायचं नाही. आधी एकदा एक उसना वायरलेसवाला आला होता. सगळ्यांनी हौसेनं त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, पोरांची नावं विचारली. दुसऱ्याच दिवशी तो गोळा लागून गेला. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, नाव विचारलं की पाहुणा परत जात नाही. म्हणून कोणी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही. दोन महिने तो नुसता 'पाहुणा' होता.

"अहो आबा!" सूनबाईनं कपाळावर हात मारला. "हे आधी सांगायचं ना!"

"विचारलंस कुठे?"

"आणि मी सगळ्यांना नावानं पत्रं टाकत बसले! उठा. कोट घाला. आता पत्र नाही, तोंड दाखवायचं."

पत्त्यांपैकी सगळ्यात जवळचा गोलंदाज दोन तासांच्या बसवर राहत होता, मुलाच्या सायकलच्या दुकानावरच्या माडीत. दार त्यानंच उघडलं. उंच, वाकलेला, कानात केसांचे झुपके. समोरच्याकडे त्यानं नीट बघितलं आणि मान हलवली.

"पत्र तुमचंच ना? मी लिहिलंय, त्या नावाचा कोणी नव्हता. खोटी सही मी देणार नाही, आधीच सांगतो. बसा. आलात तर चहा घ्या."

तो चहा ओतायला वळला. म्हाताऱ्यानं भिंतीशी असलेली खुर्ची उचलली, दाराकडे तोंड करून ठेवली आणि बसला.

चहा ओतणारा हात थांबला. बशीत चहा सांडत होता तरी गोलंदाज बघतच राहिला.

"गाडीचं तोंड उताराकडे केल्याशिवाय," तो म्हणाला, "तू जेवायला बसायचा नाहीस."

"वेळेला निघता आलं पाहिजे," माझा म्हातारा म्हणाला.

"जेवण गार व्हायचं. स्वयंपाकी शिव्या द्यायचा."

"तुम्हाला द्यायचा. मला नाही. मी पाहुणा."

"पाहुण्या!" गोलंदाज ओरडला. "मेल्या, जिवंत आहेस तू!"

मग दोन म्हातारे एकमेकांचे खांदे धरून उभे राहिले. सूनबाई सांडलेला चहा पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसत राहिली.

शेवटी तिनं कागद पुढे केला. "काका, आता लिहा. तुम्ही ओळखलंत."

"ओळखलं. हाडं ओळखली. लिहितो." गोलंदाजानं पेन घेतलं आणि तसाच बसला. "पण बाई, कागदावर 'पाहुणा' चालत नाही ना?"

"नाही. नाव लागतं."

"पत्रात वाचलं होतं मी, पण ते कोणा भलत्याचं म्हणून सोडून दिलं." गोलंदाज माझ्या म्हाताऱ्याकडे वळला. आवाज एकदम खाली आला. "विचारू का रे?"

माझा म्हातारा जमिनीकडे बघत होता. त्याच्या छातीवर होतो म्हणून सांगतो, आत धडधड होत होती.

"वायरलेसवाल्याला विचारलं होतं आपण," गोलंदाज म्हणाला.

"हो."

"आता विचारलं तरी तू कुठे जाणार? जिना उतरायला तुला सूनबाई लागते." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. मग त्यानं विचारलंच. "नाव काय रे तुझं, पाहुण्या?"

माझ्या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडला नाही. ज्या माणसांनी त्याला जगवण्यासाठी दोन महिने नाव विचारलं नव्हतं, त्यांच्यापैकी एकाला ते सांगायचं होतं. त्यानं कोटावरून मला काढलं. पिन निघता निघेना. त्यानं मला गोलंदाजाच्या तळहातावर ठेवलं.

गोलंदाजानं चष्मा लावला. मला खिडकीच्या उजेडात धरून हळूहळू फिरवलं आणि माझ्या काठावरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव. नाव त्यानं दोनदा वाचलं. मग कागदावर लिहिलं.

मित्रांनो, जगातला सगळा मत्सर एका बाजूला आणि माझं त्या घडीचं दुःख एका बाजूला. ज्या अक्षरांमुळे मी त्याचा एकट्याचा झालो होतो, तीच अक्षरं वाचून माझ्या सवती येणार होत्या.

त्या आल्या. रेकॉर्ड ऑफिसनं नोंद दुरुस्त केली आणि मेळाव्याच्या आठवड्यात दोन लहान पेट्या घरी आल्या. आत मखमल होती. मी तपकिरी पाकिटातून आलो होतो, हे तुम्हाला आठवत असेलच. दोन्ही नवीकोरी, झळझळीत. त्या लढाईचा वाराही त्यांना लागलेला नव्हता. परवा-परवा टांकसाळीतून निघाली असतील. डोंगर कुठला, गाडी कुठली, पाहुणा कोण, काही माहीत नाही, आणि तरी रुबाब बघा! मी तर त्याच्या छातीवर उन्हातान्हात वाळलो होतो.

सूनबाईनं तिन्ही पदकांसाठी एक पट्टी करायला घेतली. तेवढ्यात मेहुणा आला. दारातच थांबला. मशीनवर ठेवलेल्या दोन्ही नव्या पदकांकडे बघत राहिला. त्याच्या छातीवरही तीच होती, त्यामुळे त्याला सांगावं लागलं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही वर होता? गोळ्यांच्या गाडीवर?"

"होतो."

"आम्ही खाली वाट बघायचो. ती गाडी आली की वरच्या तोफा चालू राहायच्या. तोफा चालू राहिल्या की आम्ही..." त्यानं मशीनवरचं एक पदक उचलून परत ठेवलं. "कधी बोलला नाहीत."

"तू बोलू दिलंस कुठे? तू बर्फ खात होतास."

मेहुणा हसला नाही. खाली बसला. थोड्या वेळानं नाक ओढून म्हणाला, "सूनबाई, ते चुकतंय तुझं. नियम असतो. लढाईची पदकं आधी, बटणांच्या बाजूला. हे जुनं शेवटी. हाताच्या बाजूला."

सूनबाईनं मला उचललं आणि कडेला ठेवलं.

"याला कडेला?" माझा म्हातारा म्हणाला. "इतकी वर्षं हेच होतं."

"नियम आहे दाजी."

"असू दे. पण याला घट्ट शिव. याचा टाका सुटता कामा नये."

एवढंच बोलला. पण पहिल्यांदाच त्याचा अंगठा रिकाम्या कापडावरून न फिरता माझ्यावरून फिरला. मला बोलता आलं असतं तर मी काही बोललो नसतो.

मेळाव्याच्या दिवशी त्यानं गुडघ्याला पट्टा बांधला. मैदानावर रांगा लावणाऱ्या माणसानं नेहमीप्रमाणे फिती बघितल्या आणि हात पुढे केला, "पुढे, आजोबा." माझा म्हातारा पुढे गेला. शेजारी मेहुणा होता, त्यानं कोपर पुढे केलं. म्हाताऱ्यानं ते धरलं नाही. बँड सुरू झाला. पुढच्या रांगेत धूळ नसते, हे मला त्या दिवशी कळलं. तिथे समोर फक्त मैदान असतं.

पहिल्या वळणावर गुडघा अडखळला. सूनबाई मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडली, "आबा, हळू!" तो हळू झाला नाही. आणि तेव्हा एक आवाज आला. बारीक, धातूचा, पावलागणिक येणारा. मला कळेना कुठून येतो. मग कळलं, तो आमचाच होता. तिघं एका पट्टीवर असलो की चालताना एकमेकांवर आपटतो आणि वाजतो. एवढी वर्षं मी मुका होतो. एकटं पदक वाजत नाही, ते नुसतं लोंबतं. मांडवापर्यंत आम्ही तिघं वाजत गेलो, आणि लोकांनी उभं राहून त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याची मान ताठ होती. गालावरून काहीतरी ओघळत होतं, ते त्यानं पुसलं नाही, कारण रांगेत हात हलवायचे नसतात.

फेरी पूर्ण झाली. पुढच्या वर्षी तो मांडवातल्या खुर्चीत बसला. खुर्ची मैदानाकडे फिरवून.

मित्रांनो, माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. मधली जागा माझी होती आणि ती नवीन आलेल्यांना मिळाली, हे मी अजून विसरलो नाही. पण तुमच्याही घरात एखादा म्हातारा माणूस असेल, खुर्चीत बसलेला, फारसं न बोलणारा. त्याला विचारा, तुम्ही कुठे होता, काय केलं, नाव काय तुमचं. त्याचे पाय चालताहेत तोवर विचारा. कपाटात त्याचं काही जुनं, काळं पडलेलं असेल तर तेही बाहेर काढा आणि घासा. दंतमंजन आणि मऊ फडकं पुरतं. आणि पदकांची रांग असेल तर घासायला सुरुवात कडेच्यापासून करा. मधल्यांकडे सगळेच बघतात.